रुळांतून जाणारा हुकूम

रिसोडहून आगगाडी धरावयाची झाली म्हणजे वाशीम नाही तर हिंगोली गाठावी लागते. तालुक्याचे ठिकाण असूनही लोहमार्ग आमच्या गावाच्या वाट्याला कधी आला नाही. तो पूर्वेकडून, वाशीम आणि हिंगोली यांना स्पर्श करीत, पूर्णेहून अकोल्याकडे निघून गेला, आणि येथील पिढ्यान्‌पिढ्यांनी आगगाडी प्रथम पाहिली ती त्याच मार्गावर. रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा अशा क्रमाने थेट सिकंदराबादेपर्यंत पोचणाऱ्या ज्या दीर्घ मीटरगेज मार्गाने माळवा, वऱ्हाड, मराठवाडा आणि तेलंगण हे चार मुलूख एका सूत्रात ओवले होते, त्याचाच हा एक खंड. २००८ साली पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि अवघ्या एक मीटर अंतरावरील त्या दोन रुळांवरून धावणारी वायपी जातीची वाफेची इंजिने, आणि त्यांच्यामागून आलेली वायडीएम-४ ही डिझेल इंजिने, यांचा येथील अंमल संपला. रुंदीकरण आवश्यक होते आणि त्याचा लाभ आम्ही रोज घेतो. पण जी गाडी गेली ती पुन्हा डोळ्यांपुढे चालती करावयाची कोणाची इच्छा असेल, तर प्रतिकृतीच्या छंदाने त्याकरिता एक फार सोयीचे माप अगोदरच सिद्ध करून ठेवले आहे.

हे माप म्हणजे जी स्केल. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील लेहमान या खेळणी बनविणाऱ्या जुन्या पेढीने १९६८ साली एलजीबी या नावाने बागेत चालविण्याजोगी मोठी आगगाडी बाजारात आणली. तिचे प्रमाण १:२२.५ आणि तिच्या रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर. युरोपातील डोंगराळ प्रदेशांत धावणाऱ्या मीटरगेज गाड्या त्या पेढीच्या नजरेसमोर होत्या. एक हजार मिलिमीटरांस साडेबावीसने भागले की उत्तर ४४.४ येते, आणि व्यवहारात तेच ४५ धरले जाते. अर्थात जी आगगाडी आल्प्सच्या पायथ्याकरिता योजिली, तिचे रूळ वाशीमच्या जुन्या मार्गालाही तंतोतंत लागू पडतात. वायपी इंजिनाचे मोठे चाक १३७२ मिलिमीटर व्यासाचे होते. या प्रमाणात ते ६१ मिलिमीटरांचे होते, म्हणजे तळहातावर सहज मावते आणि तरीही त्याच्या आऱ्या एकेक करून मोजता येतात. पुढे इतर कारखान्यांनी याच ४५ मिलिमीटरांच्या रुळांवर निरनिराळ्या प्रमाणांची इंजिने आणली. अमेरिकेतील तीन फुटी मार्गाकरिता १:२०.३ हे प्रमाण रूढ झाले, ते त्यामुळेच.

महाराष्ट्रात प्रतिकृतींची आगगाडी म्हटली की कोणाही जाणत्याच्या मुखी पुण्याच्या कोथरूडमधील जोशी रेल्वे संग्रहालयाचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले; योगायोग असा की त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ जुलै रोजी, आमचा वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. तेथील मुख्य नगररचना एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची आणि १६.५ मिलिमीटर रुळांची आहे. एका दालनात गाव, डोंगर, पूल, सिग्नल आणि वाऱ्याच्या वेगाने परस्परांस ओलांडणाऱ्या गाड्या असा सबंध मुलूख बसविता येतो, तो त्या लहान मापामुळेच. परंतु पाहण्याची गोष्ट वेगळी आणि हाताने करण्याची वेगळी. इंजिनात डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेला हुकूम ऐकून पाळणारी विद्युत्‌पट्टिका, बसविण्याची विद्या ज्यास आरंभापासून शिकावयाची आहे, त्याने लहान मापाच्या मोहात न पडता मोठ्या इंजिनापासून सुरुवात करावी, असे माझे निश्चित मत आहे. लोकसमज याच्या उलट आहे. मोठे म्हणजे अवघड, असे लोक गृहीत धरतात. वस्तुतः एचओ इंजिनाच्या पोटात नखाएवढ्या जागेत जे काम भिंगाखाली करावे लागते, तेच जी मापाच्या इंजिनात उघड्या डोळ्यांनी, साध्या स्क्रू ड्रायव्हरने आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या साहित्याने होते, आणि चूक कोठे झाली हे दिसते.

डिकोडर कशाकरिता, हे समजण्यास आधीची व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत विजेचा दाब थेट रुळांना दिला जाई. दाब वाढविला की इंजिन वेगाने धावे, कमी केला की मंदावे, आणि धन–ऋण टोके उलटी केली की मागे फिरे. या पद्धतीत हुकूम रुळांवर चालतो, इंजिनावर नव्हे. एका रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम निघतात आणि एकदम थांबतात. स्थानकात एक गाडी उभी ठेवून दुसरी तिच्या बाजूने आणावयाची तर रुळांचे तुकडे करून प्रत्येकास वेगळा खटका द्यावा लागतो. शिवाय इंजिन थांबले की दाबही शून्य, त्यामुळे पुढचा दिवा विझतो. फलाटावर दिवा लावून सुसकारे टाकीत उभे असलेले इंजिन ज्याने पाहिले आहे, त्याला ही उणीव फार जाणवते.

अंकीय पद्धतीत रुळांवर कायम पुरता दाब असतो. मोठ्या मापाकरिता तो सामान्यतः १८ ते २२ व्होल्ट ठेवतात. मात्र या दाबाची दिशा क्षणोक्षणी उलटत असते, आणि त्या उलटण्याच्या वेळेतच हुकूम लिहिलेला असतो. दाब एका दिशेस ५८ मायक्रोसेकंद व लगेच दुसऱ्या दिशेस तितकाच वेळ राहिला तर तो ‘एक’. १०० मायक्रोसेकंद वा अधिक राहिला तर तो ‘शून्य’. अशा एक–शून्यांची मालिका जुळून एक संदेश होतो: आरंभी निदान चौदा ‘एक’ सर्वांस सावध करण्याकरिता, मग ज्याच्याकरिता हुकूम आहे त्या इंजिनाचा क्रमांक, मग हुकुमाचा मजकूर, आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला नाही ना याची रुजवात घेणारा एक आकडा. गावात दवंडी पिटली जाते तेव्हा ती ऐकतात सगळे, पण ज्याच्या नावाने पुकारा झाला तोच उठून चावडीवर जातो. रुळांवरील प्रत्येक इंजिन याच रीतीने प्रत्येक संदेश ऐकते आणि स्वतःचा क्रमांक आला तरच हलते. हे ऐकण्याचे व मानण्याचे काम करणारी विद्युत्‌पट्टिका म्हणजे डिकोडर. जर्मनीतील बर्न्ड लेन्झ यांच्या कारखान्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आकारास आली. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेने पुढील दशकात तिला प्रमाणभूत ठरविले, आणि म्हणूनच आज एका कारखान्याचा डिकोडर दुसऱ्या कारखान्याच्या नियंत्रकाचा हुकूम बिनतक्रार पाळतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. डिकोडर विकत घेण्यापूर्वीच एक मोजमाप करावे लागते, आणि बहुतेक डिकोडर जळतात ते हे मोजमाप न केल्यामुळे. मोटार मोकळी फिरते तेव्हा थोडीच वीज घेते. पण चाक अडकून ती थांबली आणि दाब तसाच राहिला तर ती जी वीज ओढते, ती अनेक पटींनी अधिक असते. डिकोडर निवडावयाचा तो या अडलेल्या मोटारीच्या विजेवरून. साध्या विद्युत्‌पुरवठ्यावर इंजिन ठेवावे, मालिकेत मल्टिमीटर जोडावा, त्याची तार १० अँपिअरच्या भोकात असल्याची खात्री करावी, कारण मिलिअँपिअरच्या भोकात ती राहिली तर मीटरचा फ्यूज उडतो. मग पुरता दाब देऊन चाक क्षणदोन क्षण हाताने हलकेच रोखावे आणि काटा वा आकडा वाचून लगेच दाब काढून घ्यावा. दंतचक्रे नाजूक वाटली तर चाक रोखण्याचे साहस न करता मोटारीच्या वेटोळ्यांचा रोध मोजला तरी अंदाज येतो: रोध ६ ओहम निघाला तर १८ व्होल्टांवर अडलेली मोटार ३ अँपिअर घेईल. दोन मोटारी असतील तर दुप्पट. त्यात दिवे, ध्वनी, आणि धुराचे यंत्र असल्यास त्याचीही वीज मिळवावी, व जी बेरीज येईल तिच्यावर काही शिल्लक राहील एवढ्या ताकदीचा डिकोडर घ्यावा. एचओ इंजिनाला एका अँपिअरचा डिकोडर पुरतो. जी मापात तीन, पाच, प्रसंगी त्याहून अधिक अँपिअरचा लागतो. थोडे पैसे वाचविण्याकरिता लहान मापाचा डिकोडर मोठ्या इंजिनात घालण्याचा मोह कोणी धरू नये.

यानंतरचे कृत्य या सर्व विद्येचा गाभा होय. मोटार रुळांपासून पूर्णतः तोडली पाहिजे. जुन्या व्यवस्थेत चाकांनी उचललेली वीज सरळ मोटारीस जाते. आता ती प्रथम डिकोडरात आणि डिकोडरातून मोटारीत जावयाची आहे. मोटारीचे कोणतेही एक टोक कोठेही, एका केसाएवढ्या तारेने का होईना, रुळाच्या बाजूस लागून राहिले, तर पुरवठा सुरू करताच डिकोडरातील मोटार चालविणारे ट्रान्झिस्टर जळून जातात आणि ते पुन्हा उठत नाहीत.

इंजिन जाड घडी केलेल्या कापडावर उताणे ठेवावे, म्हणजे चिमणी व शिट्टी मोडत नाहीत. तळाच्या पट्टीचे स्क्रू काढून ती उचलली की वंगणात माखलेली दंतचक्रे, त्यांच्यामध्ये आडवी बसलेली मोटार, आणि दोन्ही कडांनी धावणाऱ्या पितळी पट्ट्या दिसतात. चाकांना टेकलेले छोटे कार्बन या पट्ट्यांकडे वीज आणतात. पट्टी काढताना चाकांचे आस आपल्या जागेवरून निसटू देऊ नयेत, कारण आडव्या दांड्यांनी जोडलेल्या चाकांपैकी एखादे एका दाताने जरी पुढेमागे झाले तरी इंजिन लंगडू लागते. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत बाहेर चार टोके काढलेली असतात, दोन चाकांची व दोन मोटारीची, आणि तेथे काम सोपे आहे. जुन्या इंजिनांत मोटारीची टोके आतल्या आतच पितळी पट्ट्यांना भिडलेली असतात. तेथे पट्टीचा तेवढा तुकडा कापून काढावा लागतो, कापलेल्या कडेवर रोधक नळी चढवावी लागते, आणि मोटारीकरिता दोन नव्या तारा बाहेर आणाव्या लागतात.

हे झाले की मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून एक टोक मोटारीच्या तारेस व दुसरे एकेका चाकास लावावे. पूर्वी जेथे तो वाजत होता तेथे आता तो गप्प राहिला पाहिजे. आणि चाक एका जागी ठेवून नव्हे, तर हाताने पुरता एक फेरा फिरवून, कारण काही स्पर्श चाकाच्या एखाद्याच स्थितीत होतात. आमच्या भागात शेतातल्या पंपाच्या मोटारी गुंडाळून देणारे कारागीर मोटार हाती घेताच ती ‘बॉडीला लागली’ आहे काय हे पहिल्याने पाहतात. ज्यास ती परीक्षा अवगत आहे, त्यास डिकोडर बसविण्यातील अर्धी विद्या आधीच येते. ही विद्या पुण्या–मुंबईची मिरास आहे असे मला वाटत नाही. वाशीम, रिसोड, मेहकर येथील कोणत्याही विद्युत्‌दुरुस्तीच्या दुकानात बसणारा हुशार मुलगा हे काम दोन बैठकांत शिकेल.

तारांचे रंग प्रमाणित आहेत, आणि ही सोय मोठी आहे. उजव्या रुळाची तार लाल, डाव्या रुळाची काळी. मोटारीच्या नारिंगी व करडी. पुढच्या दिव्याची पांढरी, मागच्याची पिवळी. आणि या सर्व दिव्यांना धन बाजू पुरविणारी सामाईक तार निळी. पहिल्या जोडणीत इंजिन उलट्या दिशेने धावले तर घाबरण्याचे कारण नाही, नारिंगी व करडी यांची अदलाबदल करावी. दिव्यांच्या बाबतीत मात्र एक धोका आहे. जुन्या इंजिनात दिव्याचे एक टोक पुष्कळदा धातूच्या अंगाला, आणि त्यावाटे रुळाला, जोडलेले असते. तेही मोटारीप्रमाणेच तोडावे लागते. एलईडी दिवा लावावयाचा असल्यास त्याच्यासोबत रोधक हवाच. निळ्या तारेवर २० व्होल्ट आहेत, पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ लागतात, उरलेले १७ व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. १० मिलिअँपिअर वीज पुरेशी धरली तर १७०० ओहम येतात, म्हणून बाजारात सर्वत्र मिळणारा १८०० ओहमचा घ्यावा, आणि त्यात उष्णता मुरते म्हणून पाव वॅटऐवजी अर्ध्या वॅटचा.

उष्णतेचा विचार वऱ्हाडात विशेष करावा लागतो. डिकोडर चालताना तापतो; मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये जागा मुबलक असल्याने कित्येकजण त्यास चिकटपट्टीने गच्च गुंडाळून कोपऱ्यात कोंबतात, ते बरे नव्हे. त्यास धातूच्या वजनापासून अलग पण मोकळ्या हवेत, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर बसवावे. जी मापाची गाडी मुख्यतः अंगणातील; आणि वैशाखात आमच्या अंगणात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. पितळी रूळ उन्हाने किती वाढतात याचा हिशेब सोपा आहे: १० मीटर लांबीचा रूळ ३० अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटरांच्या जवळपास लांबतो. सांधे तेवढे सैल ठेवले नाहीत तर रूळ कुशीवर वळतात, आणि फार सैल ठेवले तर वीज तुटते. त्यात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ रुळांवर बसते. इंजिन एखाद्या धुळकट जागी क्षणभर वीज गमावते आणि डिकोडर आरंभापासून पुन्हा जागा होतो. गाडी हिसका देते, आवाज बंद पडून पुन्हा सुरू होतो. यावर उपाय म्हणून डिकोडरास मोठ्या क्षमतेचा धारित्र जोडतात. तो एकदोन सेकंदांची वीज राखून ठेवतो, आणि धुळीचा पट्टा ओलांडण्यास तेवढी पुरते. मोठ्या इंजिनात त्याला जागा मिळते, हाही माझ्या मताच्या बाजूचा एक पुरावा.

जोडणी झाली म्हणून इंजिन लगेच मुख्य रुळावर ठेवू नये. नियंत्रकास एक वेगळी जोडणी असते, तिला प्रोग्रॅमिंगचा रूळ म्हणतात. तेथे वीज सुमारे २५० मिलिअँपिअरपुरती मर्यादित असते, त्यामुळे जोडणीत चूक राहिली असली तरी डिकोडर वाचतो. तेथे इंजिनाला क्रमांक विचारावा. नव्या डिकोडराचा क्रमांक बहुधा ३ असतो. उत्तर देण्याची त्याची रीत मोठी मनोहर आहे: त्याला वाणी नाही, म्हणून तो ‘होय’ म्हणण्याकरिता सहा मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपिअर वीज ओढतो, आणि ही वीज बहुधा मोटारीतूनच ओढली जात असल्याने इंजिन जागच्या जागी किंचित थरारते. ते थरारले नाही तर मोटारीची एखादी तार जुळलेली नाही असे समजावे. धारित्र जोडला असेल तर मात्र तो या उत्तरात व्यत्यय आणतो, तेव्हा तेवढ्यापुरता तो सोडवून ठेवावा.

डिकोडराच्या स्मृतीत अनेक खाती असतात, त्यांना सीव्ही म्हणतात, आणि प्रत्येक खात्यात एक आकडा ठेवता येतो. पहिल्या खात्यात १ ते १२७ पर्यंतचा छोटा क्रमांक. इंजिनाच्या अंगावर रंगविलेला चार आकडी क्रमांकच त्याचा पत्ता व्हावा अशी इच्छा असेल तर सतरावे व अठरावे खाते वापरावे लागते. उदाहरणार्थ २००० हा पत्ता द्यावयाचा तर सतराव्यात १९९ आणि अठराव्यात २०८ येतात, आणि एकोणतिसाव्या खात्यात ३४ लिहून मोठा पत्ता चालू करावा लागतो. बहुतेक नियंत्रक हा हिशेब स्वतःच करतात, पण एकदा हाताने केलेला बरा. तिसऱ्या खात्यात वेग घेण्याचा काळ असतो, चौथ्यात वेग सोडण्याचा. प्रमाणाप्रमाणे या आकड्यास ०.८९६ ने गुणले की थांबलेल्या स्थितीपासून पुऱ्या वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. ३० लिहिले तर सत्तावीस सेकंद. अनेकजण हे खाते शून्यावर ठेवतात आणि इंजिन बटन दाबताच उसळी मारते. दहा डब्यांची पॅसेंजर ओढणारे वायपी इंजिन कधीही तसे निघत नसे. प्रथम दोनतीन खोल सुसकारे, मग जोडण्या ताणल्याचा आवाज एकामागून एक डब्यांतून मागे जाई, आणि मगच फलाट हलू लागे. त्या निघण्याचा गौरव या एका आकड्यात आहे, म्हणून त्यावर जितका वेळ द्यावा तितका थोडा.

राहिला ध्वनी. आजचे बहुतेक मोठे डिकोडर ध्वनीसह येतात, आणि मोठ्या मापाच्या इंजिनात हाताच्या पंज्याएवढा स्पीकर बसतो, त्यामुळे येथे ध्वनीला खरोखर घनता येते. मात्र स्पीकरला मागून बंद पेटी दिली पाहिजे, नाही तर पुढची व मागची हवा परस्परांस मारून टाकते आणि आवाज पोचट होतो. वाफेच्या इंजिनाचे सुसकारे चाकांच्या फेऱ्यांशी जुळविण्याकरिता आसावर छोटे चुंबक आणि शेजारी एक संवेदक बसवितात; दोन सिलिंडरांच्या इंजिनाला एका फेऱ्यास चार सुसकारे, म्हणून चुंबक चार. वायडीएम-४ करिता मात्र अडचण निराळी आहे. तिच्या पोटातील यंत्र अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या २५१ या मालिकेतील सहा सिलिंडरांचे होते. बाजारातील ध्वनिसंचांत २५१ म्हणून जे मिळते ते बहुधा बारा वा सोळा सिलिंडरांच्या थोरल्या भावंडांचे असते, आणि ज्याने वाशीमच्या फलाटावर उभे राहून ते सहा सिलिंडरांचे अडखळते घुमणे ऐकले आहे त्याचा कान या बदलास मान्यता देत नाही. पूर्णा–अकोला मार्गावर तो आवाज आता मिळणार नाही. परंतु त्याच जुन्या रतलाम–खंडवा शाखेवर, महूजवळच्या पातालपाणी ते कालाकुंड या घाटात, २०१८ साली मीटरगेजवरच एक वारसा गाडी सुरू करण्यात आली आणि तिला वायडीएम-४ जोडली गेली. तिचे थांबणे, निघणे, चढावर दम घेणे आणि उतारावर मोकळे होणे हे सर्व वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून त्याचा डिकोडरास मानवेल असा संच कोणी तरी करावयास हवा, आणि तो चढ जोवर मीटरगेज आहे तोवरच करावयास हवा.